कापायच्या आधीचा नंबर

मामा, तुम्ही दिलेली कपड्यांची दांडी आज दुपारी खाली उतरवली. सव्वीस वर्षं ती मागच्या गॅलरीत दोन क्लॅम्पांवर बसून होती. आता बैठकीत दोन स्टुलांवर आडवी ठेवली आहे आणि तिच्यासमोर मी फरशीवर पाय पसरून बसले आहे. बाहेर वैशाखाचं ऊन आहे. एक ते चार या वेळात आपल्या गावात माणूसच काय, आवाजसुद्धा घराबाहेर पडत नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं. घरातली माणसं आतल्या खोलीत झोपली आहेत. पंखा फिरतो आहे, पण वारा गरमच. माझ्या बोटांना चंदेरी रंगाचे कण आणि गंज लागला आहे आणि लिहिताना कागदावर त्याचे डाग पडताहेत. दांडी का उतरवली ते सांगायलाच बसले आहे. पण तुमच्यापुढं मला कधी सरळ सुरुवात करता आली नाही, तेव्हा जरा फिरून येते. ऐकून घ्या. घाई तुम्हाला जिवंतपणी नव्हती, आता कुठली असणार.

गेले काही दिवस तुम्ही स्वप्नात येता. बोलत काहीच नाही. आपल्या शेडमधल्या नळ्यांच्या रॅकांमधून चालत असता, खांद्याला ती कापडी पिशवी, आणि उजव्या हाताची बोटं नळ्यांच्या टोकांवरून फिरत असतात. स्वप्नात शेड फार लांब आहे. नळ्या संपतच नाहीत. मी मागून हाक मारते आणि तुम्ही मान न वळवता पुढच्या नळीवर बोट ठेवता. जाग आली की मला वाटतं, अजून चार पावलं चालले असते तर गाठलं असतं तुम्हाला.

मी पॉलिटेक्निकचा डिप्लोमा घेऊन एमआयडीसीतल्या त्या बॉयलर दुरुस्तीच्या कारखान्यात आले तेव्हा शेडमध्ये दुसरी बाई नव्हती. मालकांनी मला तुमच्यासमोर उभं केलं आणि म्हणाले, "हिला नळ्या शिकवा." तुम्ही नळ्यांच्या कोठाराचे सर्वेसर्वा. धोतर, वर खाकी शर्ट, कपाळाला विभूती. मला वरून खाली बघितलंत आणि म्हणालात, "नळ्यांचं काय शिकवायचं? आडव्या पडल्याल्या असत्यात." मग एका वीस फुटी नळीच्या त्या टोकाला जाऊन उकिडवे बसलात आणि मला या टोकाला डोळा लावायला सांगितलंत. आत काळोख, आणि पार शेवटी रुपयाएवढा गोल उजेड, आणि त्या उजेडात तुमचा डोळा. "काय दिसतंय?" तुमचा आवाज नळीतून आला, अगदी कानाशी. मी म्हटलं, "तुम्ही." त्यावर तुम्ही म्हणालात, "मला कशाला बगतीस? आतनं वळ हाय का बग, ओरखडा हाय का बग. मला बगायला पगार मिळत न्हाय." मी तेव्हा ओशाळले होते. आज मात्र तो गोल उजेड जसाच्या तसा समोर येतो, आणि वळ होता की नव्हता ते काही केल्या आठवत नाही.

चारच्या सुमाराला वारा सुटला की उघड्या तोंडाच्या नळ्या घुमायला लागायच्या. जाड नळी खालच्या सुरात, बारीक नळी वरच्या. चहाचा ग्लास हातात घेऊन तुम्ही ते ऐकत बसायचात. मला ते फार आवडायचं, पण शिकायला आलेल्या मुलीनं असं आवडलं म्हणून सांगावं की नाही ते कळायचं नाही, म्हणून मी ग्लास विसळायला उठायची.

तुम्हाला इंग्रजी वाक्य वाचता येत नव्हतं. अक्षरं आणि आकडे मात्र तुम्ही बोटांनी वाचायचात. माल उतरला की मी नळ्या बनवणाऱ्यांकडून आलेला कागद हातात धरायची आणि तुम्ही नळीपाशी. मी हीट नंबर मोठ्यानं वाचायची, म्हणजे एका भट्टीत एका वेळी ओतलेल्या पोलादाचा नंबर, आणि तुम्ही नळीवर उमटवलेल्या आकड्यांवरून बोट फिरवत तोच नंबर माघारी म्हणायचात. जुळला तर नळी रॅकवर, नाही जुळला तर दाराबाहेर. कागदाला तुम्ही दाखला म्हणायचात. "दाखल्याबिगर पोराला साळंत घेत न्हाईत. मग नळीला आगीत कशी घ्यायची?" आणि मला वाटायचं, म्हाताऱ्याचं जरा अतीच आहे. पुस्तकात मी सगळी प्रमाणकं शिकून आले होते, कोणत्या नळीत कार्बन किती, क्रोम किती, किती तापमानाला काय चालतं. पण ते सगळं पुस्तक त्या नंबराच्या आठ आकड्यांवर उभं आहे, हे काही मला कुणी कॉलेजात सांगितलं नव्हतं. साधी नळी आणि क्रोमची नळी शेजारी ठेवली तर सख्ख्या बहिणी. तोच व्यास, तीच जाडी, तोच राखाडी रंग. साधी पाण्याच्या बाजूला चालते. क्रोमची जाते वाफ आणखी तापवतात तिथं, जिथं आच सगळ्यात जास्त. तिथं साधी घातली तर लगेच काही होत नाही. चालते एखादा हंगाम, दोन हंगाम. मग फुगते, मग चिरते, आणि चिरली की आतली वाफ समोर कोण उभं आहे ते बघत नाही.

तुमचा एकच नियम होता आणि तो तुम्ही कानडीत सांगायचात, कारण रागावलात की तुमच्या तोंडी घरची भाषा यायची. मोदलु नोडु. आधी बघ. नळी कापायची असली की कापायच्या रेघेच्या दोन्ही अंगांना पंचानं, म्हणजे आकडे कोरलेल्या छिन्नीनं, नंबर ठोकून उमटवायचा, आणि मगच करवत. कापल्यावर नंबर टाकणं तुमच्या लेखी चोरीच. नंबराची बाजू एका तुकड्याबरोबर गेली की दुसरा तुकडा बेवारस. "बेवारस नळी कुंपनाला लाव, मांडवाला लाव, चादरी वाळत घालायला घे. आगीत घालू नगंस." पंचांची डबी तुमच्या पिशवीत असायची, भाकरीच्या फडक्याशेजारी. ती तुम्ही ठोकण्यापुरतीच देत होता, कुणाच्या हाती ठेवत नव्हता. मी नंबर ठोकला की तुम्ही बोट फिरवून बघायचात आणि आकड्यांच्या शेवटी स्वतः एक टिंब ठोकायचात. टिंब म्हणजे मामांनी बघितलं.

आता तो दिवस. आषाढ होता, साखर कारखान्यांचा दुरुस्तीचा मोसम. एका कारखान्याच्या बॉयलरचं काम आपल्याकडं होतं आणि नळ्यांचा शेवटचा ट्रक त्या दिवशी निघायचा होता. तुम्ही सकाळीच होटगीला गेला होता, पुतणीच्या मुलाचं बारसं होतं. जाताना बजावलंत, "मी दुपारी येतो. तवर करवतीला कुनी हात लावू नगा." बारा वाजता ट्रकवाला येऊन हॉर्न वाजवायला लागला. मालक दोनदा शेडमध्ये येऊन गेले. दोन नळ्या राहिल्या होत्या, एक क्रोमची, एक साधी, दोन्ही तोंडाशी चेपलेल्या, तेवढी तोंडं कापून टाकायची होती. करवतीवरच्या गड्यानं दोन्ही नळ्या शेजारी शेजारी शिकंज्यात धरल्या आणि माझ्याकडं बघितलं. "कापू का, बाई?" त्या बाई म्हणण्यात थोडी चेष्टा होती, की मला ती ऐकू यायची कुणास ठाऊक. मी म्हटलं, "कापा."

दोन्ही तोंडं एकदमच तुटली आणि करवतीखालच्या ट्रेमध्ये पडली. तुम्हाला आठवतं ना ते करवतीचं पाणी, दुधासारखं पांढरं. त्यात ती दोन टोकं घरंगळत गेली आणि दिसेनाशी झाली, आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की दोन्ही नळ्यांचे नंबर त्याच टोकांवर होते. क्रोमची ओळखायला मारलेला रंगाचा पट्टासुद्धा तिथंच. मी कोपरापर्यंत हात घालून ती टोकं शोधून काढली. दोन टोकं, दोन नंबर, आणि समोर दोन उघड्याबोडक्या नळ्या. कुठलं टोक कुठलीचं, हे सांगणारं जगात कुणी उरलं नव्हतं. कापलेल्या कडा जुळवून बघितल्या. करवतीनं कापलेली कड कशाशीही जुळते.

रॅकवर क्रोमच्या अख्ख्या नळ्या होत्या, मामा. नवीन काढून कापली असती तर तासाभराचं काम. पण त्यासाठी चूक झाली असं तोंडानं म्हणावं लागलं असतं, त्या सगळ्यांसमोर, आणि मी बावीस वर्षांची होते आणि शेडमधली एकटी बाई होते. मी मनाशी ठरवलं की डावीकडची क्रोमची असणार. 

दोन वाजता तुम्ही आलात. बारशाच्या घुगऱ्या कागदाच्या पुडीत बांधून आणल्या होत्या, ती पुडी आधी माझ्या हातात ठेवलीत आणि मग नळ्यांकडं बघितलंत. "कापल्या व्हय?" मी म्हटलं, "ट्रक थांबला होता, मामा." तुम्ही रागावाल म्हणून मी खांदे आवळून उभी राहिले. पण तुम्ही हळूच विचारलंत, "नंबर बगून ठिवला व्हतास का कापायच्या आदी?" मी म्हटलं, "हो." तुम्ही म्हणालात, "दोनीचा?" मी म्हटलं, "हो, मामा." तुम्ही माझ्या बाहीकडं बघितलंत. कोपरापर्यंत ओली, पांढरे ओघळ आलेली. मग म्हणालात, "बरं." आणि पिशवीतून डबी काढून दिलीत. डावीकडच्या नळीवर मी क्रोमच्या टोकाचे आठ आकडे ठोकले, उजवीकडच्या नळीवर दुसऱ्या टोकाचे. घाईत क्रोमच्या नंबरातला तीन वाकडा बसला. टिंब टाकायला तुम्ही पुढं आला नाहीत. मला वाटलं, बारशाच्या जेवणाची सुस्ती, विसरलात. सुटले असंच वाटलं, खोटं कशाला सांगू. घुगऱ्या मी ट्रक गेल्यावर खाल्ल्या, आणि चांगल्या लागल्या.

त्यानंतर चार दिवसांनी तुम्ही गुडघा दुखतो म्हणून दोन दिवस रजा घेतलीत. मला आठवतं, कारण तुम्ही कधी रजा घेत नव्हता, आणि मी मालकांना म्हटलंसुद्धा की मामा थकले आता.

भीती नंतर आली. दसरा झाला आणि पेपरात त्या कारखान्याच्या बॉयलरच्या अग्निप्रदीपनाची बातमी आली, पूजा करणाऱ्यांच्या फोटोसकट, तेव्हा मी ताट बाजूला सारलं. वरून तिसरी ओळ, डावीकडून सातवी नळी, मी क्रोमची ठरवलेली ती तिथं बसली होती; दुसरी गेली पाण्याच्या बाजूला, तिथं क्रोमची गेली तरी बिघडत नव्हतं. नकाशा मीच काढला होता. पुढच्या प्रत्येक हंगामात तेच. ऊस तुटायला लागला, रस्त्यावर मोळ्यांच्या गाड्या दिसायला लागल्या की पेपरवाला येईपर्यंत मी दारात उभी राहायची. पेपर आला की आधी मी जिल्ह्याच्या बातम्यांचं पान बघायची, आणि काही नाही म्हटल्यावर चहा घ्यायची. यजमान म्हणायचे, "कुणाची एवढी वाट बघतेस?" वाट कुणाची बघणार? त्या नळीसमोर उभं राहणाऱ्या माणसांची मला नावं ठाऊक नव्हती. तोंडं मात्र रोज वेगवेगळी दिसायची.

लग्न त्याच वर्षी फाल्गुनात झालं. याच घरात तेव्हा भाड्याच्या दोन खोल्या आणि मागं हीच गॅलरी. एका रविवारी सकाळी तुम्ही सायकल हातात धरून चालत आलात, कारण सायकलीला सात फुटी नळी आडवी बांधलेली होती आणि बसायला जागाच नव्हती. चंदेरी रंग अजून नीट वाळला नव्हता, तुमच्या शर्टाला लागला होता. "बाजारातली दांडी वल्ल्या चादरीनं वाकती. ही वाकायची न्हाय." स्वयंपाकघरात पाटावर बसून तुम्ही चहा घेतलात, बशीत ओतून. सासूबाई आतून म्हणाल्या, "लोक भांडी देतात, ह्यांनी लोखंड दिलं." तुम्ही ऐकलंत आणि हसलात. "लोखंड न्हवं अक्का, पोलाद." मग स्टुलावर चढून क्लॅम्प बसवलेत, नळी आत घातलीत, आणि एकदा ती हातानं फिरवून एक बाजू छताकडं केलीत. "ही बाजू वर ऱ्हाऊ दे." मी मान हलवली. दांडीला कसली आली वरची बाजू, एवढंसुद्धा विचारलं नाही.

त्यानंतर तुम्ही मला नंबराचं कधी विचारलं नाही. वेल्डरला विचारायचात, करवतीवरच्या गड्याला विचारायचात, एकदा तर मालकांनाच विचारलंत, "नंबर बगितला का?" मला कधीच नाही. मी समजले, विश्वास बसला माझ्यावर. त्याचा मला अभिमान होता, आणि त्या अभिमानाच्या बुडाशी ती सातवी नळी. दोन्ही गोष्टी एकाच पोटात राहिल्या.  नवीन माणसं आली की मी त्यांना सांगायची, मामा सगळ्यांना विचारत, मला नाही विचारत.

तुम्ही अंथरूण धरलंत तेव्हा मी अक्कलकोट रस्त्यावरच्या तुमच्या घरी आले होते. सांगायचं ठरवूनच आले होते. दुपार होती, आजच्यासारखीच, आणि मामी आत भाकरी थापत होत्या. तो आवाज भिंतीतून येत होता, एका लयीत, आणि तुम्ही डोळे मिटून पडला होता. मला वाटलं झोपलात. तर म्हणालात, "दांडी हाय का गं?" मी म्हटलं, "आहे की. जागची हलली नाही." तुम्ही म्हणालात, "गंज धरला आसंल. खरवड एकदा. वरच्या अंगानं खरवड. मग रंग दे." मी म्हटलं, "देते." जिभेवर होतं माझ्या, मामा. पहिला शब्द ओठापर्यंत आला होता. तेवढ्यात मामी ताक घेऊन आल्या, मी ते प्याले, आणि पेला खाली ठेवला तोवर तुम्ही खरंच झोपला होता. आठवड्यानं निरोप आला.

या वर्षी तो बॉयलर उतरवायला काढला. आता नळ्यांच्या दाखल्यांवर आपल्या कारखान्यात माझी सही असते, तेव्हा जुन्या मालातलं काय कामाचं आहे बघून येते, असं सांगून मी गेले. ते निमित्त होतं. मला ती नळी माझ्या डोळ्यांनी बघायची होती. नळ्यांची वरची टोकं बॉयलरच्या छताबाहेर निघतात, तिथं धूर पोचत नाही आणि नंबर शाबूत राहतात. तुम्हीच शिकवलंत, नंबर नेहमी त्या टोकाला टाकावा. पन्नाशीला टेकलेली बाई शिडीनं वर चढते म्हटल्यावर खालून सगळे बघत होते. तिसरी ओळ, डावीकडून सातवी. हातरुमालानं राख पुसली. आकडे दिसले, पण ते माझे नव्हते. माझा नंबर मला झोपेतसुद्धा पाठ आहे. हा दुसराच होता, ठळक, एका रेषेत, आणि शेवटी टिंब.

मी तिथंच बसले.  काम उरकणाऱ्यांत एक म्हातारा वेल्डर होता, त्या कारखान्यात जन्म काढलेला. तो वर आला आणि मला पाण्याची बाटली दिली. मी त्याला विचारलं, ही नळी कुणी बदलली आठवतं का.  "ही व्हय? तुमचा त्यो मामा आला व्हता की. लई हट्टी म्हातारा. यष्टीच्या टपावर नळी बांदून आला, अन् फाटकापास्नं खांद्यावर. म्हनला, माजं माप चुकलंय, ती काड अन् ही लाव. म्या म्हनलं, मामा, माप तर बराबर बसलंय. तर म्हनला, तुला काय करायचंय, चूक माजी हाय. नव्या नळीचा कागद बी आनला व्हता." मी विचारलं, "आणि काढलेली?" तो म्हणाला, "ती नेली की संगं माघारी. म्या म्हनलं, भंगार कशाला वागवतुस ह्या वयात? तर म्हनला, आमच्या पोरीचं लगीन ठरलंय, तिला लागंल."

येताना मोडनिंबच्या पुढं हायवेवर ड्रायव्हरनं चहाला गाडी थांबवली. मी उतरलेच नाही. काचेबाहेर शेतं हलत होती, उन्हात सगळं पाण्यासारखं दिसत होतं, आणि तुम्ही खांद्यावर नळी घेऊन त्या कडेनं चालला आहात असं मला कितीतरी वेळ दिसत राहिलं. गुडघा तर तुमचा खरंच दुखायचा.

तर आज दांडी उतरवली. वरच्या अंगानं खरवडली, तुम्ही सांगितलं होतं तशी. आधी चंदेरी पापुद्रे निघाले, मग तांबडा अस्तर रंग, आणि त्याखाली माझे आठ आकडे. तीन वाकडा. शेवटी टिंब नाही. एवढी वर्षं मी त्याच्यावर ओल्या चादरी टाकत होते, मुलांचे लंगोट टाकत होते, आणि तुम्ही म्हणाला होता त्यापेक्षा स्पष्ट कुणी काय म्हणायचं? बेवारस नळी आगीत घालू नकोस, चादरी वाळत घालायला घे. तोंडानं सांगितलं होतंत मला.

आता आमच्याकडं एक यंत्र असतं, हातात धरायचं, नळीला टेकवलं की आत काय काय आहे ते पडद्यावर सांगतं. ते मी काल कामावरून येताना पिशवीत टाकून आणलं होतं. दांडीला टेकवलं. क्रोम होतं त्यात, मामा. जेवढं हवं तेवढं. डावीकडची क्रोमचीच होती. मला आनंद झाला, खरं सांगते, पेपरात पास झाल्याचं बघावं तसा. मिनिटभर टिकला असेल. मग मी फरशीवर बसले ती अजून उठलेली नाही. चांगली नळी होती ती. तिथंच राहिली असती तरी सव्वीस वर्षं बिनघोर चालली असती आणि कुणाच्या केसालाही धक्का लागला नसता. पण तुमच्याकडं यंत्र नव्हतं. तुमच्याकडं एका मुलीचा शब्द होता आणि तिची ओली बाही. कापायच्या आधी नंबर बघून ठेवलेली मुलगी ट्रेमध्ये कोपरापर्यंत हात कशाला घालेल, हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. माझी नोकरी जाऊ नये म्हणून चूक स्वतःच्या मापावर घेतलीत. आणि मला मात्र काहीच म्हणाला नाहीत, याचा थोडा रागही येतो आहे. एकदा कान धरला असतात तर मी एवढे दसरे घाबरत काढले नसते. पण मग वाटतं, तुम्ही वाट बघत असाल मी होऊन येण्याची. आणि मी ताक पिऊन परत गेले.

तुम्ही मला पुन्हा का विचारलं नाहीत, तेही आज कळलं. विश्वास बसला म्हणून नाही. तुम्ही विचारलं असतं तर मला पुन्हा खोटं बोलायची पाळी आली असती, ती तुम्हाला येऊ द्यायची नव्हती. म्हणून इतरांना विचारायचात आणि माझ्या नळ्या स्वतः बघत असणार, मी घरी गेल्यावर, एकेका टोकावरून बोट फिरवत. स्वप्नात तुम्ही चालता ती माझीच रांग.

मघाशी दांडीच्या या टोकाला डोळा लावून बघितलं. सात फूट म्हणजे काहीच नाही. पलीकडं गॅलरीच्या दाराचा गोल उजेड दिसला, आणि त्यात वाळत घातलेल्या चादरीचा कोपरा हलत होता. वळ नाही, ओरखडा नाही. बघितलं नीट. संध्याकाळी ऊन उतरलं की तिला अस्तर देईन, रंग देईन, पण आकडे तेवढे उघडे ठेवीन, आणि ती बाजू खाली करून बसवीन, येता-जाता माझ्या नजरेला पडेल अशी. हा कागद कुठं धाडायचा नाही, पाकीटही आणलेलं नाही. तरी त्या दुपारी दोन वाजता तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तेवढं राहिलं होतं, ते लिहिते. नाही, मामा. दोन्हीपैकी एकीचाही नंबर मी बघून ठेवला नव्हता.